कापसात धुतलेला फोटो

कापूस निघाला की आमच्या रस्त्याले म्हातारपण येते. हिंगणघाटकडं जाणाऱ्या गाड्यातून कापूस उडते अन् बाभळीच्या काट्यायले लटकून राह्यते. कुपाटी पांढरी, तारा पांढऱ्या, बकरीची दाढी पांढरी. पह्यले बैलगाड्या जात, आता ट्रक जाते, पण उडणारा कापूस तोच. अशा वक्ताले लोकायले हुरडा आठवते, तिळाचे लाडू आठवते. मले सतराचा पाढा आठवते.

आता कोणी म्हणन का हा मोठा शिकलेला माणूस दिसते. तं सांगून ठेवतो, मी जिंदगीत शाळेत एकच दिवस गेलतो. तोही छपरावर. मास्तरनं कवेलू फेराले बोलावलं होतं. वरून अंदर पाह्यलं, तं पोरं ओळीनं बसून आ करून राह्यले होते अन् मास्तर छडी घेऊन फिरून राह्यला होता. मी म्हटलं, आपण छपरावरच बरे.

गोठ पन्नास अन् साठच्या मधातली. दसऱ्याले नागपूरले दीक्षा घेऊन आलो, त्याले दुसरा हिवाळा लागला होता. आल्याबरोबर मायनं भिंतीच्या देवळीतले देव काढून नदीत सोडले. पह्यल्या वेच्याच्या दिवशी वावरात सीतादही करायची तेही बंद केली. म्हणजे पूजा बंद केली. दहीभात तं आम्ही वावरात बसून तसाच खाल्ला, अन् मले तं उलट जास्त मिळाला, काऊन का चारी कोपऱ्यात ठेवायचा वाटा वाचला. देवळी मात्र रिकामी राह्यली. सकाळी उठलं का नजर तिकडंच जाये, अन् मंग आठवे का तिथं काही नाई.

तवा मी हिंगणघाटच्या कापसाच्या एका जिनात हमाली करत होतो. हमालीत मी मधलाच, पण नकला करण्यात पह्यला. जिनाच्या पट्ट्याचा आवाज तोंडानं काढून दाखवू, मुकादम कसा चालते ते दाखवू, अन् मुकादम मागं उभा असला तरी दाखवू. तिथं एक परदेशी फिटर होता. परदेशी म्हणजे जबलपूरकडचा. त्याची बदली झाली. जाताना त्यानं मले एक काळा डब्बा देल्ला. पुढं एक काचेचा डोळा, बाजूले एक खटका.

"ले, सुखदेव. तू हँसाता बहुत है. इसमें आठ फोटू निकलेंगे. एक ही बात याद रख, सूरज हमेशा पीठ के पीछे."

माणसानं हजार गोठी सांगाव्या अन् मी एकही ऐकू नये, अशी माही ख्याती. पण ही एक गोठ मी अशी पाळली, अशी पाळली, का तिनंच मले खाल्लं.

गिरडच्या बाजूले आमचं गाव. डब्बा घेऊन आलो तं दोन दिवसात सात फोटो खटकावले. बैलाचे दोन काढले, मारोतीच्या पाराचे दोन काढले, मायचा काढला, शेजारच्या भागाबाईचा दोनदा काढला, काऊन का पह्यल्यांदा तिनं डोळे मिटले होते. भागाबाईनं लगेच डब्बा हातात घेऊन त्याच्या डोळ्यातून अंदर पाह्यलं.

"यात तं काईच नाई बाप्पा."

"झोपले हायेत अंदर. धुतले का उठतीन."

तवापासून भागाबाई मले रस्त्यात दिसली का विचारे, "काऊन रे, धुतलं का मले?" लोक वळून पाहेत. मी सवासहा फूट उंच, सुपासारखे कान, अन् ही बाई भर पाणवठ्यावर मले विचारे का धुतलं का.

माही बहीण सुमी, सतरा वर्षांची. गिरडच्या शाळेत सातवी पास झालती. आमच्या मोहल्ल्यात पोरगी सातवी पास होणं म्हणजे गावभर बातमी. मास्तर तिच्यासाठी नागपूरचा एक फारम घेऊन आला. नर्सचं शिक्षण, राह्यणं-खाणं तिथंच. सुमीनं तो फारम मांडीवर घेऊन दहादा वाचला. वरच्या कोपऱ्यात एक चौकोन होता, अन् त्यात लिहेल होतं का इथं फोटो चिकटवा.

तिकडं मामानं एक जागा आणून ठेवली होती. पोरगा चांगला, घर खाऊन-पिऊन सुखी. माय काही वाईट बाई नव्हती. देव नदीत सोडताना जिनं मागं वळून पाह्यलं नाई, तिले फारमाचं काय भेव? पण तिनं भावाले जबान देल्ली होती, अन् तिले कोणत्या तरी बाजूनं सुटायचं होतं.

"फारम पंधरा दिवसात नागपूरले पोचला तं जाय," माय सुमीले म्हणे. "नाई पोचला तं उन्हाळ्यात लगन. मंग मले बोल लावजो नको."

हिंगणघाटले स्टुडिओ होता. सुमी म्हणे, "दादा, उद्या तुह्या संग येतो, तिथं फोटो काढू."

"अन् गावाले तोंड कसं दाखवू मी? भावाजवळ डब्बा असून बहीण स्टुडिओत गेली म्हणतीन. एक फोटो बाकी हाये त्यात. घरीच काढतो, घरीच धुतो."

सुमीनं माह्याकडं असं पाह्यलं, जसं विहिरीत बादली पडल्यावर माणूस दोराकडं पाह्यते.

त्या स्टुडिओत बाबूलाल नावाचा एक माणूस होता, फोटोतल्या नवरदेवायच्या मिशा काळ्या करण्याचं काम करे. माह्या नकलांवर खूश. त्याच्यापाशी गेलो. तो म्हणे, "रोल इधर दे दे, मैं धो देता." मी म्हटलं, नाई, घरीच धुवायचा. अक्कल अशी दारात येऊन हाक मारते, अन् मी तिले म्हणतो, आज सवड नाई, उद्या ये. त्यानं डोक्यावर हात मारला अन् भुकटीच्या दोन पुड्या देल्ल्या. पह्यल्या पुडीच्या पाण्यानं फोटो उठते, दुसऱ्या पुडीच्या पाण्यानं तो पक्का होते. दोन्हीत सात-सात मिनिटं. धुताना मात्र उजेडाची एक रेघ पडली का सगळं काळं. अन् उन्हात छापायचे चार कागद देल्ले. फोटो धुतला का त्या कागदावर ठेवायचा, वर काच, अन् उन्हात मांडायचं.

फोटो काढला तो दिवस अजून डोळ्यापुढं हाये. उन्हं उतरून राह्यली होती. सुमीनं मायचं निळं लुगडं नेसलं होतं, केसाले इतकं तेल लावलं होतं का माशी बसती तं घसरती. अंगणात उभी राह्यली. मी सूर्य पाठीमागं घेतला.

"हलू नको."

"नाई हलत."

"बोलूही नको."

"तू विचारतं काऊन मंग? दादा, तुही सावली पडून राह्यली माह्या अंगावर."

"फिटर म्हणे, सूर्य पाठीमागंच पाह्यजे."

"फिटर असं म्हणे का, सावली बहिणीच्या तोंडावर टाक?"

तवा ती मागं सरकली. आणखी सरकली. उतरत्या उन्हात माही सावली ताडासारखी लांब, तिले सुटेच ना. शेवटी ती पार कुडाले जाऊन टेकली, तवा कुठं माह्या सावलीचं डोस्कं तिच्या पायापाशी थांबलं. मी खटका दाबला. सुमीनं तवा श्वास सोडला.

आता अंधार पाह्यजे. आमच्या घरात अंधाराची एकच जागा, मागची खोली. पण तिथं त्या वक्ताले वेचलेला कापूस भरला होता, कमरेपर्यंत ढीग. बाबूलालनं सांगितलं होतं का लाल कपडा बांधून कंदील ठेवला तं चालते. मायनं कंदिलाचं नाव ऐकलं अन् पायतण हातात घेतलं.

"कापसात कंदील? फोटोच्या पायी घर जाळतं काय माहं? पायजे तं अंधारात मर."

तं अंधारातच मरायचं ठरलं. कुडाच्या फटी, कवेलूच्या फटी, दाराखालची फट, कुठून कुठून ऊन येई. मी कापसाचे बोळे करून सगळ्या फटी बुजवल्या. काय खोली झालती! भर दुपारी हात डोळ्यापुढं धरला तं दिसे नाई. मी मनात म्हटलं, नागपूरच्या मोठ्या स्टुडिओतही असा अंधार नसन.

पण घड्याळ नव्हतं, अन् असतं तरी अंधारात दिसलं नसतं. तो इलाज सुमीनं काढला. तिच्या शाळेत मास्तर घड्याळ पाहून पाढे म्हणायले लावे. दोनापासून तिसापर्यंत न थांबता म्हटले का बरोबर सात मिनिटं. ती दाराच्या बाहेर, दाराले पाठ लावून बसली अन् सुरू झाली. बे एके बे. बे दुणे चार. अंदर मी उकिडवा बसून, पुढं मातीची दोन भांडी, अन् पाण्यातून डब्ब्यातली ती गुळगुळीत फोटोची पट्टी वरखाली करून राह्यलो.

खरं सांगू? जिंदगीत पह्यल्यांदा मी शाळेत बसलो होतो. आंधळा अन् ओला, कापसाच्या भुग्यानं नाक भरलेलं, पण बसलो होतो. नवाच्या पाढ्यापाशी मले एवढी शिंक आली का अर्धी पुडीच्या पाण्यात गेली. बाराचा पाढा छान वाटला, बैलाच्या चालीवर जाते. सतराचा अडखळे. सुमीचाही आवाज सतरापाशी जरा दमला, मंग पुन्हा उठला. माह्या हातात तिचा चेहरा होता, अन् तो उठून राह्यला का बुडून राह्यला, ते मले दिसत नव्हतं. फक्त तिचा आवाज येऊन राह्यला होता.

बाविसापाशी भागाबाई आली. मी अंदरून सगळं ऐकून राह्यलो होतो.

"काऊन वो सुमे, दाराले पाठ लावून पाढे काऊन म्हणून राह्यली?"

"तेवीस एके तेवीस."

"सुखदेव कुठं हाये?"

सुमीनं बोटानं दार दाखवलं असन. "तेवीस दुणे सेहेचाळीस!"

"अंदर? अंदर काय करून राह्यला कापसात? तब्येत तं ठीक हाये ना?"

"तेवीस त्रिक एकोणसत्तर!"

"व माय! हिलेही काही झालं!"

मी अंदरून ओरडलो, "भागाबाई, दार उघडजो नको! तुलेच धुऊन राह्यलो!"

हे मी बोलायले नव्हतं पाह्यजे. दार बाहेरच्या बाजूनं उघडे, भागाबाईनं त्याची कडी धरून ओढलीच. "उघड वो सुमे! पोट्टा येडा झाला!" दार करकरलं. मले वाटलं, झालं, आता उजेड आला, आता सुमीचं उन्हाळ्यात लगन. मी भांड्यावर आडवा पडलो, पोटाखाली भांडं, जशी कोंबडी अंड्यावर बसते तसा. बाहेर सुमीनं पाय समोरच्या उखळाले लावले अन् पाठीनं दार रेटून धरलं. बाई दमदार, दोन पोरायची माय, अन् सुमी आपली काटकुळी. पण पाढा तुटला नाई. चोविसाचा झाला. सत्ताविसाच्या वक्ताले तं ती पाढा म्हणत नव्हती, पाढ्यानं भागाबाईले ढकलत होती. "सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी!" कडी खडखडे. "सत्तावीस चोक आठोत्तरशे!" पुन्हा खडखडे.

तीस दाही तीनशे झाले, मी पट्टी दुसऱ्या पाण्यात टाकली, अन् बाहेर सुमी पुन्हा बे एके बे पासून सुरू झाली. घोगऱ्या आवाजात. तवा भागाबाई दार सोडून खाली बसली, सुमीच्या डोक्यावरून हात फिरवाले लागली अन् म्हणे, "राहू दे माय, राहू दे, म्हण, तुले बरं वाटते तं म्हण."

दार उघडलं तवा मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. पट्टी उन्हाकडं धरली. उलटं चित्र, काळ्याचं पांढरं, पण सुमी होती. नाक होतं, डोळे होते, लुगड्याच्या निऱ्या होत्या. मले एवढा हरीख झाला, एवढा हरीख झाला, का आता हिले अशीच ओली कशी ठेवू असं वाटलं. पुसावं कशानं? माह्या धोतराले तं हात लावायची सोय नव्हती. मायचं पटकूर मळकं. मी इचार केला का आपल्या घरात सगळ्यात साफ, सगळ्यात मऊ चीज कोणती? ढिगावरून त्याच सकाळचं एक फुललेलं बोंड उचललं, त्यातला बर्फासारखा कापूस घेतला, अन् त्या ओल्या पट्टीवरून, लेकराचं तोंड पुसावं तसा, हळूच फिरवला. दोनदा फिरवला.

अख्ख्या देशात असं करणारा माणूस मीच असन. बाबूलालनं पुढं सांगितलं का ओली पट्टी म्हणजे दुधावरची साय. तिले बोटही लावत नसते, अन् तू त्यावर कापूस पेरला.

दुसऱ्या दिवशी अंगणात कंदिलाची फुटकी काच, तिच्याखाली पट्टी अन् कागद, उन्हात मांडलं. आम्ही तिघं भोवती बसलो. पांढऱ्या कागदावर आधी लुगडं आलं, जांभळं-जांभळं. मंग हात आले. मंग सुमी स्वतःच कागदातून वर येऊन राह्यली, जशी कोणी पाण्यातून वर येते. मायनं तोंडावर पदर धरला. घरात कोणाचाच फोटो नव्हता कधी.

मंग दिसला कापूस. केसात तंतू, गालावर तंतू, लुगडंभर तंतू, अन् नाकाखाली एक असा बरोबर आडवा का मिशीच. पट्टीवर जिथं जिथं कापूस चिकटला, तिथं तिथं कागद पांढराच राह्यला. दुसरा कागद छापला, तसाच. तिसरा, तसाच. बाकीच्या सात फोटोयचं तं विचारूच नका. बैलावर माही सावली, पारावर माही सावली, भागाबाईच्या तोंडावर दोन्हीदा माही सावली. गावाचे फोटो काढाले निघालो, अन् स्वतःचेच काढून आलो.

मी जोकरी करत नव्हतो तवा. देवळीखाली भिंतीले टेकून बसलो होतो. फारम पोचवाले चार दिवस राह्यले होते, स्टुडिओवाला एका लगनासाठी कुलूप लावून गावाले गेलता. सुमी शिव्या देती तं बरं झालं असतं. मी म्हटलं, "सुमे, मले हाण तरी." तिनं हाणलंही नाई.

मायनं फोटो हातात घेतला. उजेडात नेला. मंग तिनं जे केलं ते मी अजून विसरलो नाई. रोज दिवस बुडाला का सुमी वावरातून येये, अन् माय तिले पुढं बसवून तिच्या केसातला कापूस वेचे, एकेक तंतू. तसंच ती फोटोतल्या केसातला कापूस नखानं वेचाले लागली. निघे ना. पुन्हा लावे नख. पुन्हा नाई. चौथ्या वक्ताले ती थांबली अन् तिले एकदम हसू फुटलं.

"माहीच पोट्टी हाये," माय म्हणे. "वावरातून आल्यावर अशीच दिसते."

सुमीनं तोंड वर केलं. "मंग माय, फोटो आला म्हणायचा का नाई आला?"

मायनं फोटो पुन्हा उजेडाकडं धरला. मामाचा चेहरा तिच्या डोळ्यापुढं आला असन. देवळीकडंही तिनं एकदा पाह्यलं.

"आला," ती म्हणे. "तुह्या मामाले मी पाहून घेतो."

फारमावरचा चौकोन लहान, फोटो लांब. सुमीनं कात्री घेऊन कमरेखाली कापला अन् वरचा तुकडा कणकेच्या खळीनं चिकटवला. मास्तर फारम घेऊन गेला. मले म्हणे, "सुखदेव, हे काय छापलं बे? बर्फात उभी केली काय पोरगी?"

महिन्यानं चिठ्ठी आली का भेटीले या. नागपूरले टेबलाच्या पलीकडं एक पोक्त बाई बसली होती. तिनं आधी फोटो पाह्यला, मंग सुमीले, मंग पुन्हा फोटो.

"हे काय आहे गं चेहऱ्यावर?"

"कापूस हाये, बाई. भावानं घरी धुतला फोटो."

"भाऊ काय फोटोग्राफर आहे?"

"नाई. हमाल हाये. मी बाहेर पाढे म्हटले, त्यावर त्यानं अंदर टाइम धरला."

"किती पाढे?"

"तिसापर्यंत. दोनदा."

बाईनं चष्मा काढून पुसला म्हणते सुमी. कापसानं नाई, रुमालानं. पंधरा दिवसानं पत्र आलं. सुमीचं नाव लागलं होतं. अन् खाली एक ओळ होती, मास्तरनं मुद्दाम दोनदा वाचून दाखवली, का येताना उमेदवारानं दुसरा, स्वच्छ फोटो आणावा.

उमेदवारानं आणला. स्टुडिओतून.

सुमी गेली, नर्स झाली, अन् या भागातले किती लेकरं पह्यले तिच्या हातात रडले, ते तिलेही आठवत नाई. आता बोरगाव मेघेले राह्यते, पेन्शनीत. मले अक्षरं तिनंच शिकवली, सुट्टीत आली का. पाढे तं मी आधीच शिकलो होतो, त्या दुपारी, दाराच्या इकडच्या बाजूनं. कापूस उडाले लागला का आपोआप तोंडात येते. सतरा एके सतरा. नातवंडं हसते. हसू द्या. अजूनही सतरापाशी मी अडखळतो, अन् मले कळते का अडखळणारा आवाज माहा नाई, तिचा हाये.

फोटोचा खालचा कापलेला तुकडा सुमीनं फेकला होता. मी उचलला. तो त्या देवळीत ठेवला, अन् घर दोनदा बांधलं तरी देवळी ठेवली अन् तुकडाही. आता पिवळा पडला हाये. त्यात निळ्या लुगड्याचा काठ दिसते, कापसाचे तंतू दिसते, सुमीचे अनवाणी पाय दिसते. अन् त्या पायापाशी, सुपासारख्या कानाचं, माह्या सावलीचं डोस्कं टेकलेलं हाये.

सुमी म्हणते, तेवढाच एक फोटो तुले बरोबर आला, दादा.